यादीचे टोक : इंग्रजी वाक्यातील विरामचिन्हे आणि मराठीतील 'यांचे'

इंग्रजी वाक्यात यादी कशी लिहावी आणि तिच्यात विरामचिन्हे कोठे द्यावीत, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला शालेय वाटण्याचा संभव आहे. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला अर्धे पान मिळते आणि शिक्षक ते अर्धे पान वाचून पुढे जातो. परंतु भारतीय भाषांतील संहिता इंग्रजीत नेऊ पाहणाऱ्यांचे लेखन तपासावयास बसले म्हणजे असे दिसते की, कठीण शब्दापाशी भाषांतरकार सावध असतो. साध्या यादीपाशी मात्र तो निर्धास्तपणे अर्थ बदलून जातो. रायपूरसारख्या ठिकाणी हे अधिक स्पष्टपणे ध्यानात येते. येथे घरी मराठी बोलणारा आणि शाळेत हिंदी शिकलेला विद्यार्थी इंग्रजी वाक्य लिहितो, तेव्हा यादी बांधण्याच्या दोन निरनिराळ्या रीती त्याच्या हाताशी असतात आणि इंग्रजीची रीत त्या दोहोंहून वेगळी असते. मराठीत जे काम एक शब्द करतो, ते इंग्रजीत चिन्हावर सोपविलेले आहे, ही गोष्ट त्याला सहसा कोणी सांगितलेली नसते. प्रस्तुत लेखात तेवढीच गोष्ट उलगडून दाखविण्याचा विचार आहे. इंग्रजी उदाहरणे सोयीसाठी नागरीत दिली आहेत.

आरंभासाठी आपल्या संविधानाच्या उद्देशिकेइतका चांगला नमुना दुसरा नाही. ती सर्वांना पाठ असते आणि मराठी, हिंदी व इंग्रजी ह्या तिन्ही भाषांत उपलब्ध आहे. इंग्रजी पाठात न्याय, स्वातंत्र्य आणि समानता ह्या तीन मोठ्या घटकांमध्ये अर्धविराम आहेत. प्रत्येक घटकाच्या पोटात आणखी एक यादी आहे आणि तेथे स्वल्पविराम आहेत. न्यायाचे तीन प्रकार, स्वातंत्र्याची पाच क्षेत्रे, समानतेच्या दोन बाजू. जर सर्वत्र स्वल्पविरामच असते, तर दहा संज्ञांची एकच माळ झाली असती आणि 'वर्शिप' कोठे संपते व 'इक्वॉलिटी' कोठे सुरू होते, हे वाचकाला अर्थावरून ताडावे लागले असते. म्हणजे अर्धविराम हा येथे मोठा स्वल्पविराम नाही. तो वरच्या मजल्याचा स्वल्पविराम आहे.

ह्याहून सूक्ष्म गोष्ट संबंधदर्शक शब्दांची. स्वातंत्र्याच्या यादीत 'ऑफ' हा शब्द एकदाच येतो, 'लिबर्टी ऑफ थॉट' येथे, आणि पुढच्या चारही संज्ञांवर त्याची सत्ता चालते. समानतेच्या बाबतीत मात्र तो दोनदा लिहिला आहे : 'ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी'. मराठी पाठ पाहावा. 'दर्जाची व संधीची समानता' येथे प्रत्यय दोन्ही नामांना लागला आहे. स्वातंत्र्याच्या ठिकाणी मात्र पाच नामे मूळ रूपात ठेवून शेवटी 'यांचे स्वातंत्र्य' असे म्हटले आहे. इंग्रजीत 'ऑफ' ज्या ठिकाणी एकदाच आला, नेमक्या त्याच ठिकाणी मराठीने 'यांचे' योजले. जेथे तो दोनदा आला तेथे प्रत्ययाची पुनरुक्ती केली. मराठी भाषांतरकारांनी हे जाणून केले की सहज घडले, ह्याचा निर्णय करण्याचे कारण नाही. मराठीच्या स्वभावात हे दोनच मार्ग प्रशस्त आहेत.

त्याचे कारण सामान्यरूपात आहे. मराठी नाम प्रत्यय घेण्यापूर्वी आपला आकार बदलते. 'राम, श्याम आणि गोविंद यांना सांगितले' हे वाक्य निर्दोष आहे. 'रामाला, श्यामला आणि गोविंदाला सांगितले' हेही निर्दोष आहे. परंतु 'राम, श्याम आणि गोविंदाला सांगितले' ह्यात पहिली दोन नामे उघडी पडतात आणि तिसरे तेवढे विभक्तीत जाते. बोलण्यात ही रचना चालते, वृत्तपत्रांतही ती अलीकडे पुष्कळ दिसते. पण लेखनात ती सैल आहे, असे माझे मत आहे. हिंदीचे तसे नाही. तेथे परसर्ग नामापासून सुटा असतो, म्हणून 'धर्म और उपासना की स्वतंत्रता' येथे शेवटचा एक 'की' मागच्या सर्व संज्ञांना पुरतो आणि कोणालाही खटकत नाही. मराठी 'यांचे' मात्र निव्वळ प्रत्ययवाहक नाही. ते अनेकवचनी सर्वनाम आहे. मागे जे मोजले ते सर्व एकत्र करून ते वाचकाला सांगते, की यादी येथे संपली. कंसाचे उजवे टोक म्हणावे तसे ते आहे.

उद्देशिकेतच आणखी एक स्थळ आहे. व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता व एकात्मता असा जो भाग आहे, त्यात इंग्रजीत 'अँड' हेच अव्यय दोनदा आहे आणि हिंदीतही 'और' दोनदा आहे. मराठी पाठाने मात्र मोठ्या जोडणीसाठी 'व' आणि आतल्या जोडणीसाठी 'आणि' वापरला आहे, आणि शेवटी पुन्हा 'यांचे' आहेच. मग इंग्रजी वाचकाला आतली जोडी कळते कशी? ती 'द' ह्या उपपदामुळे कळते. 'द डिग्निटी' असे एकदा आले, नंतर 'द युनिटी अँड इंटेग्रिटी' असे दोन संज्ञांना मिळून एकच उपपद आले. म्हणून दुसरी जोडी एकजीव झाली. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर' म्हणजे दोन पदे सांभाळणारी एक व्यक्ती आणि 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर' म्हणजे दोन व्यक्ती, हा फरक आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असतो तो परीक्षेपुरता. मराठीला उपपद नाही. त्यामुळे उपपद हेही यादीतील एक विरामचिन्हच आहे, ही जाणीव मराठी माणसाला उपजत असण्याचा संभव नाही.

आता ह्यांतून एक सामान्य नियम काढता येतो. यादीतील सर्व घटकांना सामाईक असा जो शब्द असतो, तो यादीच्या ज्या टोकाला असेल त्याच्या विरुद्ध टोकाला संशय उत्पन्न होतो. 'ऑफ' आधी येतो, म्हणून त्याची सत्ता कोठे संपते हा प्रश्न पडतो. सामाईक शब्द शेवटी आला, तर त्याची सत्ता कोठून सुरू होते हा प्रश्न पडतो. स्वल्पविरामाचे खरे काम हे दूरचे टोक बांधण्याचे आहे. घटकांच्या मधल्या फटी बुजविणे हे त्याचे दुय्यम काम. ते नसले तरी वाचक सहसा चुकत नाही.

हा नियम केवळ वर्गातला नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने ह्यांविषयीच्या १९४० च्या अधिनियमातील कलम २७ मध्ये निरनिराळ्या कृत्यांची यादी होती. ती त्या काळच्या पाठानुसार अशी : 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स'. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात, ज्याचा निर्णय १९७९ च्या निवाडासंग्रहांत छापला आहे, प्रश्न असा होता की औषधांचा केवळ साठा बाळगणे हा ह्या कलमाखाली गुन्हा होतो काय. 'स्टॉक्स' हा शब्द स्वतंत्र घटक मानला तर साठा सापडला की गुन्हा झाला. 'फॉर सेल' हे पद त्यालाही लागू आहे असे मानले, तर साठा विक्रीसाठी होता हे सरकारपक्षाला सिद्ध करावे लागते. न्यायालयाने विरामचिन्हांकडे बोट दाखविले. इतर घटकांनंतर स्वल्पविराम आहे आणि 'स्टॉक्स' नंतर तो नाही. म्हणून 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' हा एकच अविभाज्य घटक होय, आणि नुसता साठा कलमात बसत नाही. येथे 'फॉर सेल' हे सामाईक पद शेवटी आहे आणि संशय आरंभीच्या शब्दापाशी आहे. एका माणसाची शिक्षा त्या रिकाम्या जागेवर अवलंबून होती.

न्यायालये विरामचिन्हांना नेहमीच इतका मान देतात असे नाही. १९५२ च्या एका निर्णयात न्यायमूर्ती मुखर्जी ह्यांनी विरामचिन्ह हे कायद्याच्या अर्थनिर्णयातील गौण साधन आहे असे म्हटले होते. मात्र संहिता काळजीपूर्वक विरामांकित असेल आणि अर्थाविषयी शंका असेल तर त्याला वजन द्यावे, हेही तेथेच सांगितले होते. भाषेच्या अभ्यासकाला ह्या दोन भूमिकांत विसंगती दिसू नये. चिन्ह अर्थ निर्माण करीत नाही, दोन शक्य अर्थांतून एक निवडते.

हेच कलम मराठीत नेऊन पाहावे. 'विक्रीसाठी तयार करील, विकील, विक्रीसाठी साठवील किंवा मांडून ठेवील' असे होईल. मराठीत 'विक्रीसाठी' हे पद क्रियापदाच्या आधी येते. त्यामुळे साठा विक्रीसाठीच हवा, ह्याविषयी आता शंका उरत नाही. परंतु मांडून ठेवणे तरी विक्रीसाठीच हवे की कसेही चालेल, ही नवी शंका निर्माण होते. संशय एका टोकावरून उठून दुसऱ्या टोकावर जाऊन बसला. भाषांतरात शब्द चुकला नाही, क्रम चुकला नाही, तरी वाद घालण्याची जागा बदलली. भारतीय भाषांतून इंग्रजीत व इंग्रजीतून भारतीय भाषांत जाणाऱ्या प्रत्येक यादीला हे घडते आणि भाषांतरमीमांसेत त्याची दखल फार कमी घेतली जाते.

परदेशातील एक खटला ह्याची उलट बाजू दाखवितो. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या वेतनातून वगळलेल्या कामांची यादी होती. डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, गोठविणे, वाळविणे, साठविणे अशी अनेक कामे सांगून शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ' असे शब्द होते. 'शिपमेंट' नंतर स्वल्पविराम नव्हता. दूध पोहोचविणाऱ्या चालकांचे म्हणणे असे की, वगळलेले आहे ते पाठवणीसाठी वा वितरणासाठी वेष्टन करणे. आम्ही वेष्टन करीत नाही, वितरण करतो, म्हणून आम्हाला जादा वेतन मिळाले पाहिजे. त्यांच्या बाजूला आणखी एक पुरावा होता. यादीतील बाकी सर्व कामे 'इंग'कारान्त धातुसाधिते होती. 'डिस्ट्रिब्यूशन' तेवढे साधे नाम होते आणि 'शिपमेंट'च्या जातीचे होते. बॉस्टन येथील संघराज्यीय अपील न्यायालयाने २०१७ साली कलम संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

दोन्ही देशांच्या विधिमंडळांनी पुढे केलेली दुरुस्ती पाहण्याजोगी आहे. मेनच्या विधिमंडळाने प्रत्येक कामानंतर अर्धविराम घातला आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' केले. आपल्या संसदेने १९८२ च्या दुरुस्तीत कलम २७ ची रचना बदलली, तेव्हा कृत्यांमधले स्वल्पविराम जवळजवळ नाहीसे झाले आणि प्रत्येक ठिकाणी 'ऑर' आला. हे त्या निर्णयामुळेच झाले असे मला म्हणावयाचे नाही. पण चिन्हापेक्षा शब्दावर विश्वास ठेवण्याची ही रीत आपल्याला ओळखीची वाटते.

कारण आपली लेखनपरंपराच तशी आहे. मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती, शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. तरी मराठ्यांच्या दफ्तरात यादी हा सर्वांत प्रचलित लेखनप्रकार होता. 'बितपशील' म्हटले की यादी उघडली. घटकांना आकडे लागले, प्रत्येक घटक 'कलम' झाला, आणि 'एकूण' आले की यादी मिटली. चिन्हांचे सर्व काम शब्द, आकडे आणि कागदावरील मांडणी ह्यांनी निभावले. एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर इंग्रजी विरामचिन्हे मराठीत आली. मेजर थॉमस कँडी ह्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० चे. स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम ही नावे आज इतकी आपली वाटतात की ती उसनी चिन्हे आहेत ह्याचा विसर पडतो. परंतु चिन्हे आली तरी 'यांचे', 'इत्यादी', 'ही तिन्ही', 'असे दोघे' हे जुने राखणदार जागेवरून हलले नाहीत. म्हणून मराठीत स्वल्पविराम चुकला तरी वाक्य सहसा कोसळत नाही. इंग्रजीत कोसळते. (जाता जाता : 'वगैरे' ह्या शब्दाच्या आरंभीचा 'व' हा अरबी 'आणि' होय, आणि 'एट्सेटरा'मधील 'एट' हा लॅटिन 'आणि'. तेव्हा 'अँड एट्सेटरा' लिहिणारा विद्यार्थी आणि 'आणि वगैरे' म्हणणारा त्याचा मास्तर एकाच पंथाचे आहेत.)

वर्गातील व्यवहार ह्या दृष्टीने थोडा बदलावा लागतो. रायपूरच्या वर्गात मी एक वाक्य इंग्रजीत करावयास देतो : छत्तीसगढमधील रायपूर, महाराष्ट्रातील नागपूर आणि मध्य प्रदेशातील सागर येथून अभ्यासक आले. मराठीत येथे 'मधील' आणि 'तील' प्रत्येक जोडी बांधून ठेवतात. इंग्रजीत राज्याचे नाव गावानंतर येते आणि बांधणारा शब्द गळतो. सहाही नावे स्वल्पविरामांनी लिहिली, की अभ्यासक सहा ठिकाणांहून आल्यासारखे वाटतात. आणि रायपूर व छत्तीसगढ ही निरनिराळी स्थळे होतात. म्हणून 'फ्रॉम रायपूर, छत्तीसगढ; नागपूर, महाराष्ट्र; अँड सागर, मध्य प्रदेश' असे लिहावे लागते. येथे शेवटच्या 'अँड' पूर्वीही अर्धविराम हवा, कारण तो वरच्या मजल्याचा आहे आणि एका पायरीवर तो गाळला तर जिना मोडतो. ज्या विद्यार्थ्याला उद्देशिका कळली, त्याला हे फार सांगावे लागत नाही.

शेवटच्या 'अँड' पूर्वी स्वल्पविराम द्यावा की नाही, ह्यावर इंग्रजीतच दोन पक्ष आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रणालय तो देते, म्हणून त्याला ऑक्सफर्डचे नाव पडले. ब्रिटिश वृत्तपत्रे बहुधा देत नाहीत. आपल्याकडे रेन आणि मार्टिन ह्यांच्या व्याकरणावर पिढ्या वाढल्या. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते, आणि त्यांच्या पुस्तकाने 'अँड' पूर्वी सामान्यतः स्वल्पविराम न देण्याचीच शिकवण दिली. उद्देशिकाही तीच रीत पाळते. मी विद्यार्थ्यांना कोणत्याही एका पक्षात जावयास सांगत नाही. घटक एकेका शब्दाचे असतील तर तो स्वल्पविराम असून नसून सारखाच. परंतु एखाद्या घटकाच्या पोटात 'अँड' असेल, तर तो दिलाच पाहिजे. 'टी, ब्रेड अँड बटर, अँड फ्रूट' ह्यातील दुसरा स्वल्पविराम काढला, की पाव आणि लोणी ह्यांचे नाते तुटते. मराठीत ही अडचण समास सोडवितो : चहा, वरणभात आणि फळे. द्वंद्व समास एका यादीला एका शब्दात मिटवून दुसऱ्या यादीत ठेवतो. इंग्रजीला ही सोय फारशी नाही.

अपूर्णविरामाविषयी थोडक्यात. 'पुढीलप्रमाणे' नंतर तो देण्याची मराठी सवय घेऊन विद्यार्थी 'द पोएट्स आर :' असे लिहितात. इंग्रजीत त्या चिन्हापूर्वीचा भाग स्वतःच्या पायावर उभा राहणारे वाक्य असावा, असा संकेत आहे. क्रियापद आणि त्याचे पूरक ह्यांच्यामध्ये चिन्ह घालून ते तोडू नये. आणि त्यापुढे आडवी रेघ ओढण्याची कचेरीतील चाल तर मुळीच नको.

हे सर्व वाङ्मयीन संहितांना लागू करून पाहिले म्हणजे प्रश्नाचे वजन कळते. 'दासबोधा'तील लक्षणांचे समास ह्या दृष्टीने विलक्षण आहेत. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे एकामागून एक येतात आणि ओवीच्या शेवटी तेच पालुपद पुन्हा पुन्हा येते. एका ओवीत कधी एक लक्षण असते, कधी दोन-तीन. ती दोन-तीन मिळून एक मूर्ख की प्रत्येकाचा वेगळा मूर्ख, हे पालुपद ठरविते. ते तेथे 'यांचे'चे काम करते. ज्या माधवराव सप्रे ह्यांचा अंत १९२६ साली रायपूर येथे झाला आणि ज्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढून ह्या प्रदेशाच्या पत्रकारितेचा पाया घातला, त्यांनी 'दासबोध' हिंदीत आणला. मराठीतून हिंदीत येताना पालुपदाची जागा वाक्याच्या शेवटी तशीच राहू शकते, कारण दोन्ही भाषांत क्रियापद व विधान शेवटी येते. इंग्रजीत विधान आधी येते. 'ही इज अ फूल हू' असे म्हटले की मिटविणारा शब्द उघडणारा होतो, आणि पुढची दोन-तीन लक्षणे मोकळ्या टोकाने लोंबत राहतात.

भाषांतरकारापुढे मग दोन वाटा उरतात. प्रत्येक लक्षणाचे स्वतंत्र वाक्य केले तर संदिग्धता जाते, परंतु एका ओवीत बांधलेल्या लक्षणांची गाठ सुटते आणि रामदासांनी जोडीने ठेवलेले दोष एकेकटे पडतात. ओवीगणिक एक वाक्य करून आतील लक्षणे स्वल्पविरामांनी आणि ओव्या अर्धविरामांनी वेगळ्या केल्या, तर संपूर्ण समास हे एकच दीर्घ इंग्रजी वाक्य होते. वाचकाला दम लागतो, पण मोजणी मूळची राहते. दुसरी वाट मला अधिक ग्राह्य वाटते. त्यात 'हू' हे सर्वनाम आतल्या प्रत्येक लक्षणापूर्वी पुन्हा लिहावे की एकदाच, एवढा एक निर्णय प्रत्येक ओवीपाशी वेगळा घ्यावा लागतो : दोष एकाच स्वभावाचे असतील तेथे एकदा, भिन्न प्रसंगांचे असतील तेथे दोनदा.